हात दाखवून अवलक्षण

६ ऑक्टोबर २०१९, रविवार. पहाटे इकडे सिडनीत घड्याळं एक तास पुढे सरकवलेली, त्यामुळे सकाळपासूनच कायतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नवरात्रातली अष्टमी, दुसऱ्या दिवशी लेबर डेची सुट्टी, बायको आणि मुलगी मंडळाच्या भोंडल्याला गेलेल्या, खिरापतीच्या करंज्यांपैकी मोडक्या चार माझ्यासाठी ठेवून. त्या चार बशीत घेऊन मी शेजारी गेलो, कारण शेजारी रग्बी लीगची फायनल होती.

शेजारी म्हणजे पॉप. माझी मुलगी त्याला पॉप म्हणते, म्हणून मीही. सत्तरी ओलांडलेला माणूस, मूळचा कॅनबेराच्या शेजारच्या क्वीनबियनचा, आयुष्यभर ट्रक चालवला, आणि कॅनबेरा रेडर्स या टीमवर त्याचं प्रेम म्हणजे आपल्याकडे काही म्हातारी माणसं वारी करतात ना, त्या जातीचं. दरवर्षी जायचं, मिळेल न मिळेल ते बघू. रेडर्स १९९४ नंतर फायनलला पोचलेच नव्हते, म्हणजे सरळ पंचवीस वर्षं. त्या दिवशी पॉपने तो त्यांचा पोपटी हिरवा जर्सी घातला होता, पोटावर ताणलेला, आणि टीव्हीसमोर उभं राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन ती व्हायकिंग टाळी वाजवत होता. मला म्हणाला, तूही वाजव. वाजवली. करंजी खाल्लेल्या हातांनी.

हा खेळ मला कसा लागला ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की सगळं एकच वाटतं. पंधरा जणांची ती रग्बी युनियन. ही लीग, तेरा जणांची, सिडनीच्या पश्चिम भागात नुसतं फुटी म्हटलं तरी हीच. मी सांगलीकडचा, कबड्डीवर वाढलेला, आणि पहिल्यांदा हा खेळ बघितला तेव्हा मला वाटलं अरे ही तर पकडच आहे, फक्त बॉल घेऊन. एका टीमला सहा पकडी मिळतात. म्हणजे बॉल घेऊन पळायचं, समोरच्यांनी पाडलं की उठायचं, टाचेने बॉल मागे द्यायचा, परत पळायचं. असं सहा वेळा पडलं की बॉल समोरच्याला द्यायचा, म्हणून पाचव्या पकडीनंतर शक्यतो लाथ मारून बॉल लांब नाहीतर उंच उडवतात. हा आकडा रेफ्री मोजतो. आता शेवटची, हेही तोच हात वर करून सांगतो. आणि मधे समोरच्या टीमने बॉलला हात लावला तर मोजणी पुन्हा शून्यापासून, त्याची खूण म्हणजे रेफ्री डोक्यावर हात उंच करून हलवतो. सिक्स अगेन. पुन्हा सहा.

म्हणजे बघा, खेळाडू मोजतच नाही. अंगावर शंभर किलोची माणसं येत असताना कोण मोजणार? तो फक्त हात बघतो.

तर ती फायनल. समोर सिडनी रूस्टर्स, आदल्या वर्षीचे विजेते. सुरुवातीलाच एक विचित्र प्रकार झाला, रूस्टर्सच्या ल्यूक किअरीची किक रेडर्सच्या सिया सोलिओलाने अडवली, बॉल उडाला, मागे मोकळं मैदान, आणि बॉल जाऊन आदळला कुणावर तर रूस्टर्सच्याच ट्रेनरवर, जो मैदानात उभा होता. नियमाप्रमाणे खेळ थांबला आणि बॉल परत रूस्टर्सला. थोड्याच वेळात सॅम व्हेरिल्सने ट्राय मारला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. पॉप तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, की पंचवीस वर्षं थांबलो ते पाणी देणाऱ्या माणसाने मारण्यासाठी. मी हसलो. तो नाही हसला.

सेकंड हाफमधे वारं फिरलं. कूपर क्रॉंक, ज्याची ती शेवटची मॅच होती, त्याने बॉल हातात यायच्या आधीच जॉश पापालीला धरलं आणि दहा मिनिटं बाहेर बसला. ८–८ झालं. पण त्या दहा मिनिटांत रेडर्सना ट्राय काही मारता आला नाही, आणि हे पॉपसुद्धा नंतर कबूल करायचा, दोन बिअर झाल्यावर.

आणि मग शेवटची आठेक मिनिटं राहिली असताना ते झालं. अजून ८–८च. रेडर्स रूस्टर्सच्या अर्ध्यात, बॉल उंच उडाला, खाली चार-पाच जणांची झोंबाझोंबी, बॉल कुणाच्या तरी हाताला लागून मागे आला आणि रेडर्सच्याच ताब्यात. रेफ्री बेन कमिन्सला वाटलं रूस्टर्सचा हात लागला. त्याने हात वर करून हलवला. पुन्हा सहा. पॉप खुर्चीतून उठला. आणि पुढच्याच क्षणी कानातल्या यंत्रातून कमिन्सला कळलं की नाही, बॉलला हात रेडर्सचाच लागलाय, म्हणजे ही शेवटची पकड. त्याने लगेच खूण बदलली, ओरडून सांगितलंसुद्धा. पण समोर ८०,०००च्या वर माणसं किंचाळतायत, आणि जॅक वायटनला ऐकू काय येणार. त्याने वर गेलेला हात बघितला होता. अजून सहा आहेत म्हणून त्याने निवांत बॉल पोटाशी धरला आणि पडला. उठून बघतो तर रेफ्री बॉल रूस्टर्सला देतोय.

वायटनचं ते तोंड. मी मॅच नंतर विसरलो असतो पण ते तोंड नाही विसरलो. राग नव्हता त्यात. दुकानात सुट्टे पैसे परत घेताना दुकानदाराने अचानक म्हणावं की तुम्ही पैसे दिलेच नाहीत, तसं होतं ते.

पुढच्या काही पकडींतच बॉल डावीकडे लट्रेल मिचेलकडे, त्याच्याकडून डॅनियल तुपोकडे, तुपोने आत दिला जेम्स टेडेस्कोला, आणि ट्राय. १४–८. मॅच संपली. सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक कुणाला मिळालं माहितीये? वायटनलाच. हरलेल्या टीममधे असून. गळ्यात मेडल आणि चेहरा असा की कुणीतरी प्लीज हे काढून घ्या.

आता गंमत बघा. निर्णय बरोबर होता. रिप्ले सतरा वेळा बघितला, बॉलला हात रेडर्सचाच लागलेला. दुसऱ्या दिवशी लीगचे ग्रॅहम अ‍ॅनस्ली, जे स्वतः पूर्वी रेफ्री होते आणि मधे राज्याचे क्रीडामंत्रीही, त्यांनीही हेच सांगितलं, की शेवटी दिलेला निर्णय योग्यच. ऑफिसात रूस्टर्सवाले तेच म्हणत होते, बरोबर कॉल होता ना मग रडता कशाला. आणि मला त्यांना काही उत्तर देता येईना, पण पोटात मात्र गोळा आलेला, कारण हे मी आधी बघितलं होतं. बघितलं कसलं, केलं होतं.

सांगतो.

वीसएक वर्षांचा असेन. कॉलेजात होतो, कबड्डी खेळायला किलो कमी पडायचे म्हणून पंच परीक्षा दिली आणि पास झालो, शिट्टी गळ्यात आली. वारणाकाठच्या एका गावात जत्रेच्या स्पर्धा होत्या, तिथं फायनलला मला उभं केलं, कारण नेहमीचा पंच लग्नाला गेला होता. चार बाजूंना हॅलोजन, मातीवर पाणी मारून दाबलेलं मैदान, कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं, आणि स्पीकरवर कॉमेंट्री करणारा एक शाळामास्तर, ज्याला प्रत्येक चढाईला एक शेर आठवायचा. एका बाजूला आमच्या शेजारच्या गावचा संघ, त्यात बापू. बापू म्हणजे काय चीज होती हे मी शब्दांत नाही सांगू शकत, उजव्या कोपऱ्यात जाऊन तो पाय असा टाकायचा की मांजर दुधात पंजा घालतं ना, तसा. आत गेला की नाही कळायच्या आत बाहेर.

शेवटचं मिनिट. गुण सारखे. आधीच्या चढाईत बापूने दोघांना मारलेलं, म्हणूनच तर बरोबरी झालेली. मधली समोरच्यांची चढाई मोकळी गेली. आता शेवटची चढाई बापूची. एक गुण पाहिजे, नुसता एक. बापू गेला, निदान रेषा ओलांडली, कोपऱ्यात गेला, आणि एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे, दुसरा पाय हवेत. देखणा. पुस्तकात छापावा असा. आणि माझा अंगठा वर गेला.

गेला म्हणजे मी वर केला असं मला आजही वाटत नाही. तो गेला.

बापूने तिरक्या नजरेने माझ्याकडे बघितलं. अंगठा दिसला. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर समोरचा एक गडी तोल जाऊन उभा होता, शेंबड्या पोराने पण शिवला असता, पण बापू कशाला शिवेल, गुण तर मिळालाय, आता उगाच पकडीत सापडायला नको म्हणून तो शहाण्यासारखा वळला आणि मध्यरेषेवर आला. हलगी वाजायला लागली. पोरं आत घुसली. आणि पलीकडच्या बाजूचा दुसरा पंच हात हलवत पळत आला, पाचच आहेत रे, पाचच आहेत!

बोनस मिळतो तो समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच. समोर पाच होते. सरपंचांनी, म्हणजे गावचे नव्हे, सामन्याचे सरपंच, त्यांनी मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. बोनस रद्द. बरोबर निर्णय. शंभर टक्के बरोबर. बरोबरी, मग पाच-पाच चढाया, त्यात बापूचा संघ हरला.

त्या रात्री मला कुणी मारलं नाही, पण ते केवळ मास्तरांनी माइकवरून शांतता शांतता म्हणत मला स्टेजच्या मागं नेलं म्हणून. सरपंचांना कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या पंचाला तर कुणी विचारलंच नाही. सगळे माझ्यावर. तेव्हा मला वाटलं हा अन्याय आहे, अरे निर्णय तर शेवटी नियमानेच झाला ना. पहाटे कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून उसाच्या फडांमधनं घरी आलो आणि शिट्टी आईच्या देवघराच्या खणात टाकली ती टाकलीच.

तर रूस्टर्सवाले जेव्हा म्हणाले कॉल बरोबर होता, तेव्हा मला कळलं की मला सोळा-सतरा वर्षं काय खुपत होतं. खुणेवर विश्वास ठेवून माणूस जे करतो ते नंतर परत घेता येत नाही. निर्णय दुरुस्त होतो, वायटनचं पडणं दुरुस्त होत नाही, बापूचं वळणं दुरुस्त होत नाही. त्याला खूण दिसलीच नसती तर त्याने किक मारली असती. बापूने शिवलं असतं. कदाचित चुकले असते दोघंही, पण ते त्यांचं चुकणं झालं असतं.

त्या मॅचनंतर मी जुन्या मॅचेस बघायच्या नादाला लागलो, घरात बायको म्हणायची आता हे काय नवीन. आणि मोजायची चूक ही या खेळात किती जुनी आहे ते बघून थक्क झालो. २०१३ च्या एलिमिनेशन फायनलला, म्हणजे हरला तो घरी, क्रोनुला शार्क्सने नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजविरुद्ध सातव्या पकडीवर ट्राय मारला. सातव्या! मैदानात दोन रेफ्री, रेषेवर दोन टच जज, टीव्हीसमोर व्हिडिओ रेफ्री, आणि कुणालाही कळलं नाही की सहा संपल्या. शार्क्स २०–१८ ने जिंकले. दोन गुणांचा फरक आणि चार गुणांचा ट्राय. काउबॉइजला आदल्या वर्षीही एका वादग्रस्त ट्रायनेच घरी पाठवलेलं, त्यामुळे त्यांच्या गावचा, टाउन्सव्हिलचा, एक ड्रायव्हर मला म्हणाला होता की सिडनीत पाचनंतर आकडेच शिकवत नाहीत. पुढे २०१५ ला काउबॉइज फायनल जिंकले, ब्रिस्बेनविरुद्ध, १७–१६, गोल्डन पॉइंटला, म्हणजे जादा वेळेत जो आधी गुण काढेल तो जिंकला. त्या ड्रायव्हरची आठवण झाली.

पण या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेला निर्णय कुठला, तर १९९९ च्या फायनलचा. मेलबर्न स्टॉर्म, जन्माला येऊन दुसराच सीझन, आणि समोर सेंट जॉर्ज इलावारा. स्टेडियममधे १,०७,९९९ माणसं. अजून एक आला असता तर आपल्याकडच्या भटजींना बरं वाटलं असतं, पूर्ण एक लाख आठ हजार. हाफटाइमला सेंट जॉर्ज १४–० ने पुढे. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा १८–१४, आणि मेलबर्नने उजवीकडे उंच किक मारली. विंगर क्रेग स्मिथने हवेत बॉल धरला, रेषेच्या आत येत होता, आणि जेमी एन्सकफचा हात त्याच्या डोक्याला असा बसला की पोरगा हवेतच बेशुद्ध. खाली पडेपर्यंत बॉल हातातून निसटलेला. ट्राय झालाच नाही.

आता काय द्यायचं? पेनल्टी ट्राय हा मोठा अजब नियम आहे. घडलं ते बघायचं नाही, फाउल झाला नसता तर काय घडलं असतं ते ठरवायचं. ज्योतिषाचं काम म्हणा. आणि फायनलच्या शेवटच्या चार मिनिटांत ते ठरवायचं होतं बिल हॅरिगनने, जो पेशाने पोलिस राहिलेला माणूस. मी तो तुकडा कितीतरी वेळा थांबवून थांबवून बघितलाय. हॅरिगन घाई करत नाही. वेळ थांबवतो, वर व्हिडिओ रेफ्रीला विचारतो, आणि तोपर्यंत त्याचे हात खाली असतात. दोन्ही टीम, लाखभर माणसं, सगळे त्या हातांकडे बघतायत आणि हात काही बोलत नाहीत. मग एकदाच सांगितलं, पेनल्टी ट्राय. त्यानंतरची दोन गुणांची किक खांबांच्या बरोबर समोरून मिळते, ती मॅट गायरने मारली, कारण नेहमीचा किकर स्मिथच होता आणि त्याला आपण कुठल्या शहरात आहोत हेही सांगता आलं नसतं. २०–१८. सेंट जॉर्जवाले आजही शिव्या घालतात, त्यांचा अधिकार आहे. पण त्यांना कुणी आधी नाही म्हणून मग हो म्हटलं नाही, एवढं तरी.

बंकरचं काय, तुम्ही विचाराल. आहे ना. २०१६ पासून सिडनीतल्या एव्हलीला, जिथं पूर्वी रेल्वेचे कारखाने होते तिथं एका खोलीत स्क्रीन लावून माणसं बसतात आणि प्रत्येक ट्राय मागेपुढे करून बघतात. त्यावर २०२० पासून कॅप्टन्स चॅलेंज, म्हणजे कॅप्टनला निर्णय पटला नाही तर बंकरकडे दाद मागता येते. खेळाडूंचे वकील झाले यामुळे, हे माझं मत. २४ जुलै २०२२, टाउन्सव्हिल, वेस्ट्स टायगर्स २६–२५ ने पुढे आणि घड्याळात एक सेकंद. एक! काउबॉइजने किकऑफ मारली, वेळ संपली, टायगर्स नाचायला लागले, आणि काउबॉइजच्या चॅड टाउनसेंडने चॅलेंज मागितलं, की आमच्या काइल फेल्टला बॉलमागे पळताना अडवलं. बंकरने बघितलं, परत बघितलं, दिली पेनल्टी. व्हॅलेंटाइन होम्सने दोन गुण काढले, २७–२६. मग लीगनेच सांगितलं की ती पेनल्टी द्यायला नको होती. म्हणजे इतके कॅमेरे, इतका वेळ, एसीची खोली, तरी चूक. टायगर्स त्या वर्षी तळाला राहिले. माझ्या ऑफिसात एक टायगर्सवाला आहे, त्याच्यासमोर सेकंद हा शब्द काढायचा नाही.

आणि सिक्स अगेनचं त्यांनी काय केलं बघा. २०२० ला कोविडच्या सुट्टीनंतर २८ मेला सीझन परत सुरू झाला तो दोन रेफ्रींऐवजी एकच रेफ्री घेऊन, आणि आता पाडलेल्या खेळाडूवर उगाच लोळत राहिलं तरी पेनल्टीऐवजी सिक्स अगेन. म्हणजे ज्या खुणेने फायनल नासली तीच खूण आता मॅचमधे कितीतरी वेळा! फक्त सोबत एक घंटा वाजते. पॉपला मी सांगितलं की आमच्या भाषेत घंटा म्हणजे काय. त्याला समजावायला वेळ लागला पण समजल्यावर त्याने तो शब्द असा उचलला की हल्ली टीव्हीसमोर, घंटा वाजली की, भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो. घॅन्टा!

मागच्या खेपेला भारतात गेलो होतो तेव्हा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात बापू भेटला. वीस वर्षांनी. आता दूध संकलन केंद्र चालवतो, गुडघे गेलेत, पोट सुटलंय, पण चालताना उजवा पाय अजून तसाच टाकतो. पंगतीत तो जिलेबीचं ताट घेऊन वाढत होता. माझ्यासमोर आला, ओळखलं, आणि काही न बोलता पाच जिलेब्या टाकल्या. मोजून. मी म्हटलं बापू, बास की.

"पाचच हायत," म्हणाला. "सहावी न्हाय टाकत. बोनस हुतोय."

आजूबाजूची चार माणसं हसली, सगळ्यांना ती गोष्ट माहीत. मी पण हसलो, पण ते आत कुठंतरी लागलंच, आणि जेवणं झाल्यावर हात धुवायच्या पिंपापाशी मी त्याला गाठून शेवटी बोललो, जे वीस वर्षं बोललो नव्हतो. म्हटलं, माझं चुकलं त्या दिवशी, मी गडी मोजलेच नाहीत.

बापू रुमालाला हात पुसत होता. "म्या मोजलं हुतं की," म्हणाला. "पाचच हुतं. दोघांना तर म्याच बसवलं हुतं आधीच्या चढाईत, मला न्हाय म्हाईत हुणार?"

"मग वळलास कशाला?"

"तू आंगठा दाखीवलास न्हवं," तो म्हणाला. "म्हनलं पंच म्हनतोय तर आसंल सहावा, आपलंच मोजायला चुकलं."

मग त्याला कुणीतरी मठ्ठा संपला म्हणून हाक मारली आणि तो गेला.